पाठीवरचा वारा

हार्लनच्या हार्डवेअरच्या दुकानात नुसते खिळे घ्यायला गेलं, तरी मान आधी वर जाते. दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर, एका नर एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या रानटी हरणाची, शिंगं लावलेली आहेत. मुळाशी मनगटाहून जाड, टोकांना झिजून पांढरी झालेली. खाली पितळी पट्टीवर नाव आहे: व्हर्ना टॉल्फ्सन. आमच्या विलो फोर्क गावात बाईच्या नावावर याहून मोठं जनावर नाही.

व्हर्ना स्वतः मात्र त्या दुकानात कधी वर बघत नसे. बरण्यांची झाकणं, दोरी, उंदरांचे सापळे, जे हवं ते घ्यायची आणि जमिनीकडे बघत बाहेर पडायची. लोक म्हणायचे, बघा, एवढं करून किती साधी राहिलीये.

ती शाळेची बस चालवायची. मीही त्याच बसमधून शाळेत गेले. बर्फात, चिखलात, वणव्याच्या धुरात तिची बस कधी चुकली नाही. समोरच्या आरशात तिचे फक्त डोळे दिसायचे, आणि मागे कुणी कुणाची टोपी खिडकीबाहेर धरणार असलं की त्या डोळ्यांना ती टोपी हलायच्या आधी कळायचं. मुलांचे चेहरे तिला वाचता येत. मोठ्यांचे वाचायची वेळ तिच्यावर फारशी आली नाही. मोठ्यांसमोर ती बहुतेक वेळ गावच्या हॉलमधल्या स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे असे, हातात भांडी घेऊन.

तिचा नवरा ऑर्विल लाकडांचा ट्रक चालवायचा. उंच, कमी बोलणारा माणूस. हिवाळा तोंडावर आला की तो पहाटे डोंगरात जायचा आणि अंधार पडता पडता परतायचा. व्हर्ना त्याचे ओले मोजे चुलीशी वाळत घालायची आणि त्याच्या उललेल्या ओठांना, गालांना गाईच्या सडांना लावायचं मलम चोळायची. तो लहान मुलासारखा तोंड वर करून उभा राहायचा. हिवाळ्याचं हे त्यांचं नेहमीचं होतं.

आमच्याकडे कायदा असा, की एका माणसाला एका एल्कचा परवाना. जनावर पडलं की त्याला परवान्याची चिठ्ठी, म्हणजे टॅग, बांधायचा, आणि तो ज्याने मारलं त्याचाच हवा. आणि रीत अशी, की नवरे बायकांच्या नावाचाही टॅग काढून आणतात. त्याला 'बायकोचा टॅग' म्हणतात, तेही घरात, हळू आवाजात. बाहेर याबद्दल कुणी बोलत नाही. हिवाळाभर फ्रीझर भरलेला असतो, आणि भरलेल्या फ्रीझरला कुणी प्रश्न विचारत नाही.

त्या वर्षी ऑर्विलने बर्फात एका नरावर गोळी झाडली. जनावर तसंच उभं दिसलं. नेम चुकला असं वाटून त्याने पुन्हा झाडली. जवळ जाऊन बघतो तर दोन पडलेली. पहिलं जिथल्या तिथे कोसळलं होतं आणि त्याच्या मागून दुसरं, त्याहून मोठं, पुढे आलं होतं. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बूटही काढले नव्हते.

"व्हर्ना, तुझा टॅग कुठाय?"

व्हर्ना रविवारसाठी चर्चच्या गायकांचे झगे इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली, खणातून टॅग काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्या शिकारीत तिचा वाटा एवढाच.

मग हार्लनने शिंगं मोजली. बायकांमध्ये पहिला नंबर आला. शिकारीचा मोसम सुरू होण्याआधीच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये सगळ्या खोऱ्याचं जेवण असतं. पुढच्या वर्षीच्या त्या जेवणात तिला पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळालं. ते घेऊन ती खिडकीपलीकडे परत जायला निघाली, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सांग की व्हर्ना, कसं मारलंस ते!"

खुर्च्या वळल्या. इतक्या पुरुषांनी तिच्या दिशेने खुर्च्या वळवलेल्या तिने आजवर पाहिल्या नव्हत्या. तिने ऑर्विलकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता. 'मी नाही मारलं' म्हणायला तेवढाच क्षण होता. व्हर्ना बोलायला लागली.

ऑर्विलने स्वयंपाकघरात सांगितलं होतं ते तीन वाक्यांत संपणारं होतं. बाकीचं तिने भरलं. आडव्या पडलेल्या पाइनच्या खोडामागे ती कशी पोटावर पडून राहिली, हातमोजा दातांनी कसा काढला, कळप झाडीतून कसा एकेक करून बाहेर आला. आणि शेवटी, "वारा माझ्या पाठीवर होता. कुणीतरी हात ठेवून म्हणत होतं, जा, पुढे जा." मग टाळ्या.

त्यानंतर दर वर्षी तिला गोष्ट सांगायला लावत, आणि दर वर्षी ती सांगत असे. पाठीवरचा वारा तिचा आवडता होता. तिथे आली की ती आवाज खाली आणायची.

ऑर्विल दोन हिवाळ्यांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. त्याची बंदूक कपाटात राहिली. यंदा उन्हाळ्यात मुलाचं, डेलचं, लग्न झालं. मुलगी ओहायोची, टेसा. मोठ्या आवाजात हसणारी, गावातल्या दातांच्या दवाखान्यात कामाला लागलेली. लग्नाच्या जेवणात कुणीतरी व्हर्नाला गोष्ट सांगायला लावली आणि टेसा हनुवटीखाली हात घेऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली.

ऑक्टोबर लागला तशी ती एक दिवस स्वयंपाकघरात येऊन बसली. शिकारीचा नवशिक्यांचा कोर्स तिने पुरा केला होता. परवानाही काढला होता.

"मॉम, मला तुम्हीच शिकवा."

"डेल आहे की."

"मोसम सुरू होतो त्या आठवड्यात तो रेल्वेच्या कामावर असणार. आणि असता तरी नको. तो शिकवायला लागला की माझ्या बंदुकीआधी त्याचाच बार उडतो."

व्हर्नाला हसू आलं. मग ते गेलं. "मला आता काय जमतंय गं. गुडघे बघ माझे."

"गुडघ्यांनी कुठे नेम धरायचा असतो?" टेसा म्हणाली. "मी माझ्या आईला फोनवर सांगितलंय. म्हटलं, तुझी मुलगी एल्कच्या शिकारीला जातेय, आणि नेणार कोण, तर तिची सासू! आई म्हणाली, मग मला काळजी नाही."

व्हर्नाने ओट्यावरचं फडकं घडी केलं, उलगडलं, पुन्हा घडी केलं.

"बरं," ती म्हणाली.

तयारी सुरू झाली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं, निभावेल. कारण तिला येत असलेलं बरंच होतं. बुटांना तेल कसं मुरवायचं, लोकरीचे मोजे दुहेरी का घालायचे, पाठीवरच्या पिशवीत कोरडे कपडे तळाशी का नाही ठेवायचे. जुन्या चादरी उसवून तिने मांसाच्या पिशव्या शिवल्या. मांडीला लांब, खांद्याला रुंद. "कातडं लवकर निघालं पाहिजे, मांसाला वारं लागलं पाहिजे," ती टेसाला सांगायची. "गरम राहिलं की आतून आंबतं." हे खरं होतं. हे तिने वर्षानुवर्षं हातांनी केलं होतं. पण टेसा मान हलवून ऐकायची ती यासाठी नव्हे. तिच्या डोळ्यांपुढे ते पाइनचं खोड असायचं. व्हर्नाला ते दिसायचं, आणि तिचं सुई धरलेलं बोट थांबायचं.

खडीच्या जुन्या खाणीत त्या नेम धरायला गेल्या. टेसाकडे डेलची बंदूक होती.

"आधी तुम्ही दाखवा ना."

"खांदा दुखतोय आज. तू कर, मी बघते."

व्हर्ना मागे उभी राहिली. ऑर्विल मुलाला शिकवताना बोलायचा ते तिने आठवलं. "गाल लाकडाला टेकव. श्वास अर्धा सोड. घोडा ओढू नकोस, दाब." टेसाने दाबलं. समोरच्या पुठ्ठ्यावर, मधल्या गोलाच्या जवळ, भोक पडलं.

"मॉम! तुम्ही सांगितलंत तस्संच केलं!" टेसाने तिला मिठी मारली. बंदुकीच्या दारूचा वास तिच्या केसांना येत होता. व्हर्नाचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

त्याच आठवड्यात टेसा कोर्सचं पुस्तक घेऊन आली. बोट एका चित्रावर ठेवलेलं.

"एक कळत नाहीये. यात लिहिलंय, वारा नेहमी तोंडावर हवा. पाठीवरून असेल तर आपला वास जनावराकडे जातो, मग मैलभरावरून पळतात म्हणे. पण तुमच्या वेळी तर पाठीवर होता."

चुलीवर काहीतरी उतू जात होतं. व्हर्ना तिकडे वळली.

"पुस्तकं काय," ती पाठमोरी म्हणाली, "डोंगर पुस्तकं वाचत नाही."

टेसा खूश झाली. "हे मी डेलला सांगणार आहे," ती म्हणाली.

ती गेल्यावर व्हर्ना खुर्चीवर बसली. तिला चित्र पुन्हा आठवलं: छोटा माणूस, छोटं जनावर, मधे बाण. ऑर्विल नक्की काय म्हणाला होता? तिला त्याचा आवाज आठवेना, स्वतःचाच आठवला, हॉलमधला, खाली आणलेला.

दुसऱ्या दिवशी बसची फेरी संपल्यावर तिने कपाटातून ऑर्विलची बंदूक काढली आणि एकटी खाणीत गेली. तिला वाटलं, निदान एवढं तरी खरं करता येईल. पुठ्ठा लावला, खडीवर कोट पसरून आडवी झाली, बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा अगदी चिकटवला, म्हणजे नीट दिसेल. मग डोळे मिटले आणि दाबलं.

बंदूक मागे आली आणि दुर्बिणीची कडा भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. पुठ्ठा कोरा होता.

मांस कापायचं दुकान बर्निसचं. व्हर्नाची ती जुनी मैत्रीण. लग्नाआधीपासूनची. व्हर्ना तिच्याकडे मांस गुंडाळायचा कागद घ्यायला गेली तेव्हा भुवईवर चिकटपट्टी होती, पण जखम पट्टीहून मोठी होती, वाकडी, नखाएवढ्या चंद्रकोरीसारखी. आमच्याकडे ती खूण सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा बंदूक धरणाऱ्या पोरांच्या कपाळावर ती असते, आणि मग आठवडाभर त्यांना वर्गात चिडवतात.

"काय झालं गं?" बर्निसने विचारलं.

"लाकडांच्या ढिगावर घसरले."

बर्निसने सुरी खाली ठेवली. एप्रनला हात पुसले. "लाकडांच्या ढिगाला दुर्बीण कधी लावलीस?"

बर्निसने आतून स्टूल आणलं. तिला बसवलं आणि पट्टी नीट लावली.

"बर्निस," व्हर्ना म्हणाली, "वारा पाठीवर असतो का?"

बर्निसचा हात तिच्या कपाळावर थांबला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "तुला आत्ता कळलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय. पाठीवर वारा असता तर तो एल्क शेजारच्या जिल्ह्यात असता. पहिल्या वर्षी मी आतून कप विसळत ऐकलं आणि कप हातातून निसटला. पुरुष तर दर वर्षी त्याचीच वाट बघत असतात. हार्लन बोटांवर मोजतो, आता आला, आता आला."

"सगळ्यांना माहितीये?"

"मीच मारलं असं सांगणाऱ्या इथे आपण सगळ्याच आहोत, व्हर्ना. माझ्या नावावर किती आहेत ठाऊक आहे? मी एकाला मारलं असेल, तेही गाडीने. फक्त आम्हाला कुणी गोष्ट सांगायला लावली नाही."

व्हर्नाने कागदाची गुंडाळी मांडीवर घेतली. "आणि ऑर्विल?"

"त्याचे कान लाल व्हायचे. मी एकदा म्हटलं त्याला, अरे, सांगत का नाहीस तिला, निदान वारा तरी फिरवेल. तर म्हणाला, राहू दे, ती इतकं छान सांगते."

बर्निसला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. व्हर्ना उठली. कागद घेतला आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. ताटाकडे बघणारा ऑर्विल तिला दिसत होता. इतकी वर्षं तिला वाटलं होतं, तो लाजाळू आहे.

रविवारी हॉलमध्ये नेहमीसारखी एल्कच्या मांसाची चिली, म्हणजे घट्ट तिखट रस्सा, होती आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. रोल व्हर्नाने केलेले. मोठ्या खिडक्यांमधून दुपारचं ऊन टेबलांवर पडलं होतं. शिकार खात्याचा तरुण इन्स्पेक्टर रांगेत दुसऱ्यांदा उभा होता. टेसाने नवीन नारिंगी जाकीट घालून आणलं होतं आणि सगळे तिला चिडवत होते. "ए ओहायो, एल्क म्हणजे गाय नाही बरं का! गाईच्या गळ्यात घंटा असते!"

"आणि तुमच्या गळ्यात?" टेसा म्हणाली. लोक हसले. ती त्यांना आवडायला लागली होती.

मग हार्लन चमचा कपावर वाजवत उभा राहिला. "मंडळी! यंदा आमची व्हर्ना सुनेला घेऊन डोंगरात निघालीये. तेव्हा व्हर्ना, होऊन जाऊ दे. आणि वारा कुठून होता ते नीट सांग हं, पोरीच्या कामाला येईल!"

व्हर्ना उभी राहिली. आणि पहिल्यांदाच तिने गोष्ट सांगताना समोर बघितलं. काटे हवेत थांबले होते. म्हातारे एकमेकांकडे न बघता एकमेकांकडे बघत होते. ओठ दाबलेले. हे चेहरे तिच्या ओळखीचे होते. बसच्या आरशात तिने ते हजारदा पाहिले होते. पुढच्या सीटवरच्या मुलाच्या पाठीला कागद चिकटवलाय, त्याला ठाऊक नाही, आणि सगळी बस वाट बघतेय.

टेसा हनुवटीखाली हात घेऊन बसली होती.

"तो एल्क," व्हर्ना म्हणाली. "तो एल्क मी मारला त्या दिवशी... नाही. त्या दिवशी मी घरात..."

खिडकीपलीकडे बर्निसच्या हातातला मोठा ट्रे खाली आदळला. खरंच निसटला की टाकला, कुणास ठाऊक. "मेलं!" ती ओरडली आणि त्याच दमात टाळ्या वाजवायला लागली. तिच्या शेजारची वाजवायला लागली. मग टेबलांवरच्या बायका, एकीमागून एक, आणि मग नवरे, जोरजोरात. इन्स्पेक्टरने रोल तोंडात धरून टाळ्या वाजवल्या. हार्लन म्हणाला, "यंदा आमची व्हर्ना जरा हळवी झालीये," आणि पुढचं बक्षीस पुकारलं.

व्हर्ना उभीच होती. तिला कळलं की खरं बोलणंही आता तिच्या एकटीच्या मालकीचं राहिलं नाही. प्रत्येक टाळीमागे एक फ्रीझर होता. ती खाली बसली. टेसाने टेबलाखाली तिचा हात दाबला.

परतताना गाडी व्हर्नाच चालवत होती. नदीच्या वळणावर रस्ता रुंद होतो, तिथे तिने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"गुडघे?" टेसाने विचारलं.

"त्या दिवशी मी चर्चच्या गायकांचे झगे इस्त्री करत होते," व्हर्ना म्हणाली. "तो एल्क ऑर्विलने मारला. टॅग माझा होता. मी कधीच काही मारलं नाही. कधी गेलेच नाही."

नदीचा आवाज येत होता. टेसा समोरच्या काचेकडे बघत राहिली.

"एकदाही नाही?"

"कोंबड्या मारल्यात. कुऱ्हाडीने."

टेसा हसली नाही. व्हर्नाला वाटलं, हे म्हणायला नको होतं.

"आणि खाणीत? असं धर, असा श्वास सोड?"

"ऑर्विल डेलला सांगायचा. मी ऐकलेलं."

"बंदूक भरलेली होती, मॉम." टेसाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या गालाला टेकलेली. तुम्ही म्हणालात दाब, मी दाबलं. मी विचारसुद्धा केला नाही. मला वारा कळत नव्हता तेव्हा मी पुस्तक खोटं धरलं, तुम्हाला नाही. आपण तिथे वर गेलो असतो, दोघीच, डेल नाही, आणि काही झालं असतं तर?"

"हो."

"काय हो?"

"तेच. झालं असतं तर."

टेसाने जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली. "मला घरी सोडा," ती म्हणाली.

आठवडाभर तिचा फोन आला नाही. व्हर्नाने बस चालवली. आरशात कमी बघितलं. मुलांनी तिच्या भुवईची खूण ओळखली होती, एक मुलगा उतरताना म्हणाला, "मिसेस टॉल्फ्सन, डोळा लांब धरायचा असतो." ती म्हणाली, "बरं." संध्याकाळी तिने राहिलेल्या पिशव्या शिवून पुऱ्या केल्या, धुतल्या, इस्त्री केल्या. त्यांना इस्त्री लागत नाही. घड्या घालून त्या टेसाच्या पायरीवर ठेवून आली. दार वाजवलं नाही. मग हार्लनच्या दुकानात गेली आणि या खेपेला मान वर करून म्हणाली, "ते खाली काढ."

"का गं? पितळेला पॉलिश करायचंय?"

"माझं नाही ते."

हार्लनने इकडे तिकडे पाहिलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. "भिंत खराब होईल," तो म्हणाला. "दोन्ही खिळे गंजलेत. राहू दे, व्हर्ना. सगळ्यांना सवय झालीये." आणि गिऱ्हाइकाकडे वळला. शिंगं अजून तिथेच आहेत.

मोसम सुरू होण्याच्या आदल्या दुपारी टेसाचा फोन आला.

"पिशव्या मिळाल्या," ती म्हणाली. "एकटीने जायला मला भीती वाटते. हार्लनबरोबर जायचं नाहीये. तुमचा टॅग आहे का?"

"आहे. सवयीने काढला."

"तो दुसऱ्या कुणाच्या शिकारीला बांधायचा नाही. तुम्ही स्वतः मारलं तरच."

"हो."

"बंदूक माझ्याकडे. चालायचं मी पुढे, तुम्ही मागे. आणि माहीत नसेल ते माहीत नाही म्हणायचं."

"हो," व्हर्ना म्हणाली.

उजाडायच्या सुमाराला त्या वाटेला लागल्या तेव्हा बर्फ घोट्यापर्यंत होतं. टेसा पुढे. तिच्या पाठीवर बंदूक, व्हर्नाच्या पाठीवर पिशव्या, दोरी, रोल. झाडी संपून मोकळा उतार लागायच्या आधी टेसा थांबली. वारा कुठे जातो ते बघायला दवाखान्यातून आणलेली छोटी मऊ बाटली तिने खिशातून काढली. आत दातांच्या साच्याची पांढरी भुकटी होती. तिने बाटली दाबली. भुकटीचा ढग क्षणभर हवेत राहिला आणि मग सावकाश पुढे, उताराकडे, तरंगत गेला.

दोघी तो जाताना बघत राहिल्या. व्हर्नाला मानेवर काहीतरी जाणवलं, हलकं, जवळजवळ मायेचं. कुणी हात ठेवावा तसं.

"पाठीवर," टेसा म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

"आता?"

"मागे जायचं. पूर्ण कडा फिरून पलीकडून यायचं. जमेल?"

"माहीत नाही," व्हर्ना म्हणाली.

टेसाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग वळली आणि हळू चालायला लागली.

कडा फिरायला बराच वेळ गेला. दोनदा व्हर्ना बसली, दोनदा टेसा तिच्यासाठी थांबली. कड्याच्या पलीकडच्या धारेवर डोकं वर काढलं आणि वारा समोरून आला.

तो नुसता थंड नव्हता, धारदार होता. गालांवर, ओठांवर, भुवईवरच्या ओल्या जखमेवर तो एकसारखा लागत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ओठांवर जीभ फिरवली. ते आधीच उलले होते. वाऱ्याबरोबर खालच्या झाडीतून एक उग्र, ओला वास आला, गोठ्यासारखा, पण गोठ्याचा नाही. टेसा ताठ झाली. खाली कुठेतरी एक फांदी मोडली.

व्हर्ना मात्र त्या झाडीकडे बघत नव्हती. तिला तिचीच बोटं दिसत होती, मलमाने चकाकणारी, दर हिवाळ्याला ऑर्विलच्या तोंडावरून फिरणारी. नेहमी तोंडावरून. त्याची मान कधी उललेली नसायची. डोंगरातला वारा कुठून येतो, ते तिने एवढी वर्षं स्वतःच्या हातांनी चोळलं होतं. तिने त्याला एकदाही विचारलं नाही, की हे असं का होतं. आणि मग हॉलमध्ये जाऊन, त्याच्या शेजारी उभी राहून, ती सांगायची, की वारा पाठीवर होता.

टेसाने गुडघ्यावर बसत मागे वळून पाहिलं. सासूचे गाल ओले होते.

"गुडघे?" तिने ओठांनीच विचारलं.

व्हर्नाने नकारार्थी मान हलवली. बोट स्वतःच्या तोंडाकडे केलं.

"वारा," ती म्हणाली.

टेसाने बोट ओठांवर ठेवून तिला गप्प केलं, आणि आपल्या मागे बर्फात बसायला जागा दाखवली. व्हर्ना तिथे पोटावर आडवी झाली, आणि तिने हातमोजा काढला नाही.